गाडीवरच्या खडूच्या खुणा

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की तीन महिने आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणायचं, नाहीतर पाय कायमचा ताठ राहील. व्यायामाचं केंद्र आमच्या नवागामपासून सुरतच्या पार दुसऱ्या टोकाला. शेअर रिक्षात पाय पसरता येत नाही, स्पेशल रिक्षा इतक्या वेळा परवडत नाही, आणि नवरा पहाटेच कंपनीच्या बसने इच्छापोरला जाणारा. त्याला गाडी येत नाही. मला येते, म्हणजे येत होती.

माझ्या नावावरची जुनी गाडी पाच वर्षं ताडपत्रीखाली होती. उधन्याच्या रस्त्यावर मी ती दुभाजकाला धडकवली, तेव्हा शेजारच्या सीटवर सासूबाईच होत्या. कपाळाला चार टाके पडले. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मीच चावी फळीवर ठेवून दिली आणि पुढे विमाही भरला नाही. जी गाडी चालवायचीच नाही तिचा विमा कशाला, हे माझं तेव्हाचं शहाणपण.

ते आता अंगाशी आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा विमा एजंट म्हणाला, "बेन, पॉलिसी पाच साल से बंद है, बोनस की पुरानी छूट गई. अब गाडी देखने आदमी आएगा, फोटो लेगा, फिर कंपनी हां बोलेगी." त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी त्यालाच झापलं, जसं काही दर त्याच्या घरी ठरतात. निघताना त्याने हळूच सल्ला दिला, की दरवाजावरचा पोचा तेवढा झाकून टाका, मोठं स्टिकर मिळतं. मी त्याच पावली वाघाचं स्टिकर आणून चिकटवलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते, तर वाघ निम्मा सोललेला आणि सासूबाई एका हाताने वॉकर धरून गाडीभोवती फिरताहेत. दुसऱ्या हातात पांढरा खडू.

वीस वर्षं त्या उधन्यातल्या कारखान्यात कापड तपासायला उभ्या होत्या. लूमवरून उतरलेला ताका टेबलावरून सरकत जायचा आणि जिथे धागा तुटलाय, तेलाचा डाग पडलाय, तिथे त्या खूण करायच्या. गुडघे त्या उभं राहण्यातच गेले. नजर मात्र अजून तशीच.

"आई, हे काय मांडलंय? मिळायचा तो विमाही मिळणार नाही आता," मी चिडून म्हणाले.

"डाग लपाडा का आख्खा ताका परत येस," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "खूण करी दिनी ते तेवढंच कापतस."

कापड वेगळं आणि गाडी वेगळी, असं मी पुटपुटले. त्या पुढच्या दाराकडे सरकल्या. तासभर लागला त्यांना. दोन पावलं टाकायची, दम घ्यायचा, वाकता येत नाही म्हणून मान तिरकी करून बघायचं. मागच्या चाकावरचा ओरखडा मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता, तो त्यांना दिसला. आमच्या अपघाताच्या पोच्याभोवतीही त्यांनी बाकीच्यांएवढाच गोल काढला, त्याहून मोठा नाही. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

तपासणीचा माणूस आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि थबकला. "आ कोणे कर्युं, बा?" त्याने विचारलं. सासूबाईंनी वॉकरवरचा एक हात वर केला. लोक पुट्टी भरून पोचे बुजवतात, म्हणाला, आणि मग आम्ही सगळ्याच गाडीवर संशय घेतो. त्याने एकेका गोलाचा फोटो काढला. या जागांची भरपाई मिळणार नाही, बाकी गाडीची मिळेल, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा होकार आला.

राहिला तो आकडा. सासूबाई स्वतः एजंटकडे गेल्या, खुर्चीत पाय लांब करून बसल्या आणि एकेक ओळ वाचायला लावली. समोरच्याला झालेल्या नुकसानीचा भाग कायद्याने ठरलेला, त्याला हात लावला नाही. जुन्या गाडीची किंमतच उतरलेली, तेव्हा तिचा हप्ताही कमीच हवा, हे त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतलं. चावी हरवली तर पैसे मिळतात म्हणून एक ओळ होती. "चावी कोठे जाई?" म्हणत ती काढायला लावली. बंद पडली तर मदतीला माणूस येतो, तीही काढली; आमच्या गल्लीत ढकलायला माणसांची वाण नाही. लहानसहान नुकसान आपलं आपण सोसू म्हटल्यावर आकडा आणखी उतरला. मी ज्या माणसावर तोंडसुख घेतलं होतं, त्याच्याकडून ही बाई आवाज न चढवता सगळं करून घेत होती. मला तिचा खरोखर अभिमान वाटला.

एजंटलाही आता हुरूप आला. म्हणाला, अजून एक ओळ निघेल, गाडीच्या मालकाच्या स्वतःच्या अपघाताची. दुसरीकडे अशी पॉलिसी आहे एवढी फॉर्मवर खूण केली की झालं. माझी दुसरी कसलीच पॉलिसी नव्हती. तरी मी पेन उचललं.

सासूबाईंनी माझा हात धरला. "ते ऱ्हाऊ दे. गाडी फुटनी ते फुटू दे. तुले काही व्हयनं ते?"

मी पेन खाली ठेवलं.

नवी बॅटरी घालून सोमवारी गाडी काढली. पहिल्या वळणाआधीच मी वेग इतका कमी केला, की मागचे हॉर्न वाजवू लागले. शेजारी सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या, कपाळावरची टाक्यांची रेघ उन्हात स्पष्ट दिसत होती. पाच वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी विचारलं, "आई, माझ्या शेजारी बसायची भीती नाही वाटत?"

"वाटस ना," त्या म्हणाल्या. "तरी बी बसनू."