वळणावरची किटली

आमचे मालक हंबीरराव, माझं कुंकू, म्हंजे नुसता आवाज! डेअरीच्या टेंपोंचा सगळा कारभार ह्यांच्याकडं. पूर्वी ड्रायवर एसटीडीवरनं फोन करायचे, तवा ह्यांचं "कुठं तडमडलास रं?" हापिसाबाहेर गल्लीभर ऐकू जायचं. दोन हजार सातला गाड्यांना जीपीएस बसलं. मग काय इचारता! कॉम्प्युटरवर गाडी थांबलेली दिसली की ह्यांचा फोन गेलाच.

राधानगरीकडं जाणारी पिराजीची गाडी रोज सकाळी एकाच वळणावर थांबायची. "डिझेल काढतोस काय रं?" ह्यांनी झापलं.

"न्हाय सायेब. वस्तीवरची तानाबाई तितं किटली घिऊन उभी असती. तिचं दूध गावातल्या संस्थेत मीच पोचवतो. गुडघं गेल्यात तिचं."

ह्यांना कुठलं पटतंय! "परत थांबलास तर घरी बसवीन." पिराजीनं थांबायचं सोडलं. गाड्या वेळेत यायला लागल्या म्हणून मालकांचा सत्कार झाला. शाल-नारळ घिऊन घरी आले. मी बी गल्लीत मिरवलं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीचा फराळ द्यायला पिराजी घरी आला. जाता जाता म्हणाला, "म्हातारीचं दूध बंद झालं, सायेब." त्या दिवसापासनं ह्यांना घास गोड लागंना. शेवटी एका रविवारी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट ती वस्ती गाठली.

"या पावणं," म्हणत तानाबाईनं घोंगडं टाकलं. कोण, कुठलं, काय इचारलं न्हाय. आधी च्या आणला. कोरा.

"दूध न्हाय बघा घरात. हापिसात कोणतर बसतोय म्हणं, त्येला यंत्रात गाडी थांबलेली दिसती. एवढं सगळं दिसतंय, मग मी कशी दिसली न्हाय त्येला?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी मान खाली घातली. एवढा आवाजाचा माणूस, पण आवाज पार खाली आला.

"आज्जी," कसंबसं म्हणाले, "त्यो माणूस मीच. लई चुकलं माझं. उद्यापासनं गाडी थांबंल. थांबंलच."

म्हातारीनं ह्यांच्याकडं बघितलं. मग दारातनं गोठ्याकडं. गोठ्यात दावं तेवढं खुंट्याला होतं.

"आता थांबून काय करू, लेका? म्हस इकली की."

ह्यांनी कपबशी खाली ठेवली.

"प्या," तानाबाई म्हणाली, "निवतोय."