तात्पुरती ओळ

दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळे हॅलोआत्या म्हणत. नेमणूक झाली तीच मुळी 'तात्पुरती' म्हणून. पण बोर्ड मोडीत निघाला तरी आत्या आपल्या हजरच! मग त्यांना नोंदणीच्या खिडकीत, लिनक्सच्या संगणकापुढे बसवलं. "महिनाभर बघू," साहेब म्हणाले, "नाही जमलं तर तळघरात जुन्या फायली सांभाळा."

महिना भरायला एक दिवस उरला आणि माशी शिंकली. सकाळची रांग पार दारापर्यंत, आणि आत्यांच्या संगणकाला रुग्णांच्या नोंदी ठेवणारा 'केसपेपर' नावाचा सर्व्हर काही केल्या सापडेना. शेजारच्या खिडकीला मात्र झटक्यात सापडत होता.

दुरुस्तीवाला आला, खुर्ची ओढून बसला. "म्हातारं झालंय हो, आत्या. बदलायला हवं."

"माझ्याकडे बघून बोलू नकोस, पडद्याकडे बघ!"

त्याने 'केसपेपर'ला हाक मारली. पडद्यावर सर्व्हरचा नंबर उमटला, शेवटी बारा. आत्या उठल्या आणि त्याला शेजारच्या पडद्यावरही तेच करायला लावलं. तिथे शेवटी चाळीस.

"नाव एक आणि नंबर दोन? हे रे काय?"

"कालच सर्व्हरचा नंबर बदलला. नावांच्या मोठ्या यादीत मी नवा घातलाय. सगळे संगणक तिलाच विचारतात."

"आणि विचारायच्या आधी? मी चौकशीला फोन लावायच्या आधी माझी बारकी वही बघायचे. वहीत जुना नंबर राहिला, की संपलंच. एकदा सर्जनऐवजी न्हाव्याला बोलावलं; तो बिचारा वस्तरा घेऊन हजर! या डब्याची आहे का अशी वही?"

दुरुस्तीवाल्याने हळूच होस्ट्स नावाची फाइल, म्हणजे डब्याची बारकी वहीच, उघडली. आत एकच जादा ओळ: बारावाला नंबर, केसपेपर, आणि पुढे शेरा, 'तात्पुरतं'. तारीख सहा वर्षांपूर्वीची. लिहिणारा? तोच!

"अगंबाई, माझीच भावकी की!" आत्या म्हणाल्या. "खोड ती."

ओळ गेली, केसपेपर उघडला, रांगेतून कुणीतरी चक्क टाळी वाजवली. तेवढ्यात साहेब तळघराची किल्ली घेऊन आले.

"मग आत्या, तळघराचं काय करायचं?"

"याची तात्पुरती कामं ठेवा तिथं!" असं म्हणून आत्यांनी खुर्ची पुढे ओढली, बोर्डावरचाच तो खणखणीत आवाज लावला, "हॅलो! पुढचं कोण?"

साहेब हसत हसत वळले आणि तळघराची किल्ली परत खिळ्याला लटकवून आले.