मराठी डेस्कटॉपचे दीड हजार

हे कुणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की शाईत पाय बुडवून कोंबडी चालली. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच.

माझा धाकटा भाऊ तेव्हा हिंजवडीला एका कंपनीत शिपाई होता. कंपनीने जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक त्याने माझ्याकडे आणला. मी धरणाजवळच्या बंगल्यांवर स्वयंपाक करते आणि घरचा आंबेमोहोर पिशव्या भरून विकते. पिशवीवरच्या चिठ्ठ्या छापायला पौडला जावं लागे. दुकानदार चारचौघांत ओरडायचा, "काकी, मोठ्यानं बोला की!" घरीच लिहून पेन ड्राइव्ह नेला, तर तोंड उघडायला नको. कुणाला काही विचारावं लागू नये, एवढीच माझी हौस.

कंपनीने त्यातलं विंडोज पुसून टाकलं होतं. भावाने कंपनीतल्या पोरांकडून शिकून त्याच्या जागी लिनक्स घातलं आणि म्हणाला, "अक्के, आता डेस्कटॉप निवड. आतलं मशीन तेच, म्होरं दिसणार कसं ते तू सांग."

पहिला निळा, चकचकीत. पण एक खिडकी उघडेपर्यंत मी चुलीवरची भाजी हलवून यायची. दुसरा पटकन चालायचा, पण सगळा इंग्रजीत. तिसरा तपकिरी, बेताचा. "ह्येच्यात मराठी येतं," भाऊ म्हणाला, "पण त्येची सीडी इकत आणाया लागतीया. दीड हजार."

"एवढे?"

"मग! मराठी काय कुणी फुकट लिवून देतंय व्हय?"

भातलावणीची मजुरी डब्यात होती, ती दिली. आठवड्याने त्याने सीडी आणून बसवली. पडद्यावर 'जतन करा', 'रद्द करा' असं उमटलं, तेव्हा मी एकेक शब्द मोठ्याने वाचला. भाऊ हसला, "बग, अक्का बाईसाहेब झाली!"

बंगल्यावर सुट्टीला एक ताई यायची. मूळची विदर्भातली, महाळुंग्याला राहून आयटीत नोकरी करणारी. एकदा ती तांदूळ न्यायला घरी आली.

"अरे वा मावशी, मराठी डेस्कटॉप!"

"दीड हजाराचा हाय," मी कधी नव्हे ते ऐटीत बोलले.

"कसले दीड हजार? हे फुकटच असतं हो. मराठीसुद्धा लोकांनी आपापल्या वेळात केलीय, कुणासाठीही. कोणी घेतले तुमच्याकडून?"

"कुणी न्हाई. चुकून बोलले."

तांदूळ मापताना मापं मोजायची राहिली. तिला बहुतेक जास्तच गेला. कुणा अनोळखी माणसाने फुकट लिहून ठेवलेले शब्द माझ्या सख्ख्या भावाने मला विकले होते. त्यानंतर कॉम्प्युटर लावला की ते शब्द वाचवत नसत.

भावाला मी काही बोलले नाही. त्याच्या बायकोला फक्त विचारलं, "सीडी कुठून आणली गं त्यानं?" तेवढ्यावरून त्याला कळलं असणार.

भाऊबिजेला त्याने ताटात पाचशेची नोट टाकली. एरवी शंभर असायचे. आई हरखली, "बगा, माझ्या लेकाचा हात कसा सैल हाय!" तो मात्र माझ्याकडे बघेना. म्हणजे माझेच पैसे आता मला ओवाळणी म्हणून मिळत होते, आणि वर आईची शाबासकी त्याला. बहिणीने ओवाळणी मोजू नये, मागायची तर नाहीच. तरी मी नोट उचलून त्याच्या हातात ठेवली.

"ओवाळणी घाल."

"घातली की!"

"ही डेस्कटॉपची हाय. ओवाळणी येगळी घाल, हे येगळं दे."

"सणाचं काय बोलतीया ही?" आई म्हणाली.

भावाला मात्र कळलं. त्याचे कान लाल झाले. "इंटरनेट कॅफेत तासन्‌तास बसून उतरवलं मी. माझ्या मेहनतीचं काय?"

"मेहनतीचं मागायचं व्हतं, दिलं असतं. तू मराठीचं घेतलंस."

त्याने शंभराची नोट ताटात टाकली आणि पाचशेची माझ्या हातात दिली. नंतर कधी दोनशे, कधी तीनशे बायकोकडून पाठवायचा, स्वतः येत नसे. शिमग्याआधी एकदा आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चहा नको म्हणाला. राहिलेले पैसे माझ्या हातात ठेवले आणि वळला. दीड हजार पुरते फिटले.