निळ्या चौकटीतली मोटार

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतर मनात वारंवार येतो तो एका मोटारीचा साधा तपास.

तेव्हा मी ठाण्यात, वागळे इस्टेटजवळच्या पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली तोच ठाणे अंमलदाराने एका तरुणीला आत पाठवलं. काखेत कुबडी, एका हाताला प्लास्टर. तिच्या ऑफिसच्या दाराशी दिव्यांगांसाठी निळी चौकट आखलेली होती. तिथे रोज एक पांढरी मोटार उभी असायची. त्यामुळे तिला आपली जोडचाकांची स्कूटर मागच्या उतारावर लावावी लागे. तिथेच ती पडली होती.

“मला भांडायचं नाहीये सर,” ती म्हणाली. “मला फक्त नीट कामावर जायचंय. त्यांच्या गाडीवर दिव्यांगांचा स्टिकर आहे म्हणून वॉचमन काही बोलत नाही.”

तिचा जबाब नोंदवून मी वॉचमनला बोलावलं. चहा झाल्यावर तो हळूच म्हणाला, “साहेब, ते एकटेच येतात. जिना धावत चढतात.”

मोटारीचा मालक त्याच इमारतीतला व्यावसायिक निघाला. त्याला ठाण्यात बोलावलं.

“स्टिकर खरा आहे,” तो म्हणाला. “आईला चालता येत नाही. तिला सारखं दवाखान्यात न्यावं लागतं. कालच नेलेलं. ट्रॅफिक पण किती असतो.”

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगतो. मी म्हटलं, “चला, आईंना भेटू.”

कळव्याला तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई खिडकीपाशी बसल्या होत्या. मुलगा माझ्या मागेच उभा होता.

“काल दवाखान्यात गेला होतात ना?” मी विचारलं.

“डॉक्टर घरीच येतात, साहेब. गाडी आणली तेव्हा खिडकीतून हार घातलेला बघितला. बसले नाही अजून.”

मुलाने मान खाली घातली. काय झालं, असं आईंनी विचारलं म्हणून मी त्या मुलीचं सगळं सांगितलं. ते ऐकून त्या मुलाला म्हणाल्या, “माझ्या पायांच्या नावावर जागा अडवलीस, आणि तिचा हात मोडला. मला तिच्याकडे घेऊन चल.”

शेजाऱ्यांनी खुर्चीसकट त्यांना खाली उतरवलं. त्या मोटारीत त्या पहिल्यांदा बसल्या, त्या मुलीची माफी मागायला.

मुलावर कायदेशीर कारवाई झाली. तो वाईट नव्हता. आईवर त्याची मायाही होती. पण सवलत मिळाली आणि माणूस मागे पडला, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढे असा स्टिकर दिसला की मी चालवणाऱ्याला एकच विचारायचो, ‘ज्यांच्यासाठी हा आहे, त्यांना शेवटचं कधी बाहेर नेलंत?’ ज्यांना आठवावं लागायचं, त्यांना पुढचं विचारायची गरज पडत नसे.