वहीतल्या तीन चांगल्या गोष्टी

मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात आम्ही दोघे ड्राफ्ट्समन होतो. शेजारी शेजारी बोर्ड, राहायला एकाच सोसायटीत, कंपनीच्या बसमध्येही एकाच बाकावर. कॉम्प्युटर शिकायला एकालाच पाठवायचं होतं. माझी रेघ त्याच्यापेक्षा सरळ, हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं. साहेबांनी त्याचं नाव घेतलं. मी हसून त्याचा हात दाबला, आणि दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये वेगळ्या बाकावर बसू लागलो.

मशीन तापतं म्हणून त्याला एसीची केबिन मिळाली. मी बाहेर पंख्याखाली. जळत होतो, दुसरा शब्द नाही.

त्याच सुमारास कंपनीने आम्हाला सकारात्मक करायला एक टायवाले साहेब बोलावले. ते म्हणाले, रोज एकाची मनापासून स्तुती करा. मी त्याला "शर्ट छान आहे" म्हणालो. शर्ट खरंच छान होता, त्यामुळे जास्तच चिडलो. दुसरा उपाय वहीचा. "रोज सांजे त्रण सारी वात लखवानी," असं गुजरातीत सांगून त्यांनी कोऱ्या वह्या वाटल्या. रोज संध्याकाळी तीन चांगल्या गोष्टी.

मी घरी येऊन चहाबरोबर लिहायला बसलो. एक: त्याच्या प्रिंटमध्ये फ्लँजचं एक भोक गायब. दोन: साहेब कपाळाला हात लावून बसले. तीन: वीज गेली आणि त्याचं सकाळपासूनचं काम उडालं. लिहून झालं आणि काय सांगू, इतकं प्रसन्न वाटलं! उपाय लागू पडत होता. मी एकही दिवस चुकवला नाही.

मध्ये एकदा बायको गुडघा खरचटून आली, "आयोडिन कुठंय हो?" म्हणाली. मी मान वर न करता कपाटाकडे बोट दाखवलं. एकदा खाली मैदानातून हसण्याचा गलका आला तेव्हा खिडकी लावून घेतली. वहीसाठी तिसरी गोष्ट आठवत नव्हती.

महिनाभराने टेबल पुसताना ती वही तिच्या हाती लागली. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती खुर्ची ओढून बसली आणि पानन् पान वाचलं.

"अहो, यात आपल्या घरचं काहीच नाही?"

मी वही घ्यायला हात पुढे केला.

"हरणीच्या शाळेत मला नोकरी लागली. दोन बस बदलायला नकोत म्हणून मोपेड शिकले. तीनदा पडले. काल हरणीपर्यंत एकटी जाऊन आले, सगळी सोसायटी टाळ्या वाजवत होती. तुम्हाला चांगल्या गोष्टीच हव्या होत्या ना?"

मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मोपेड कुणाची? शिकवलं कुणी?"

"मोपेड तुमच्या मित्राच्या बायकोची. शिकवलं तुमच्या मित्रानेच. बसमधून उतरले की अर्धा तास मागून गाडी धरून पळायचे. मी म्हटलं, ह्यांना सांगते. तर म्हणाले, रहेवा दो भाभी, हमणां ए माराथी नाराज छे. सध्या तुम्ही त्यांच्यावर नाराज आहात म्हणे."

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं. एक: ही मोपेड शिकली. मग दोनचा आकडा टाकला आणि थांबलो. तिला त्याने शिकवलं, एवढं लिहायला मला आठवडा लागला.