मेणकिडा

लेक तापानं गेली त्या पावसाळ्यात मधमाश्यांच्या पेट्यांकडं घरात कुणी बघितलंच नाही. वाईच्या वर डोंगराच्या अंगाला आमचं घर. मालक माधवनगरच्या गिरणीत कामाला होते. ते आले, चार दिवस राहिले आणि परत गेले. मागं मी आणि सासरे. सासरे पलटणीतून पेन्शनीवर आलेले. परसातल्या दोन पेट्या त्यांच्याच हौसेच्या.

उघडीप पडल्यावर एका सकाळी ते म्हणाले, "पोरी, धूर कर. पेट्या बगू."

पहिल्या पेटीत गुणगुण नव्हती. पोळ्यांवर पांढरं जाळं पसरलेलं आणि त्यात लठ्ठ अळ्या मेण पोखरत होत्या. माश्या केव्हाच उठून गेल्या होत्या.

"मेणकिडा," सासरे म्हणाले. "माशी कमी झाली की ह्यो शिरतो. येळेवर बगाय पायजे हुतं." मग खाली बघत म्हणाले, "तुला न्हाई बोलत मी."

मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या पेटीत थोड्या माश्या राणीला धरून होत्या. सासरे एकेक चौकट उचलून देत, मी जाळं लागलेलं पोळं सुरीनं कापून काढी. तळाची फळी खरवडली. माश्यांना झाकता येतील एवढीच पोळी आत ठेवली. लढाईमुळं साखर मिळत नव्हती, म्हणून गुळाचं पाणी ठेवलं. कापलेलं सगळं चुलीत घातलं. मेण भसकन पेटलं.

"आगं, हात बग तुजा!"

मनगटात माश्यांचे पाच-सहा काटे रुतले होते. सासऱ्यांनी मला ओट्यावर बसवून ते नखानं खरवडून काढले.

"दुकतंय का?"

"न्हाई जी."

"जरा बी न्हाई?"

"न्हाई, मामंजी."

तसे ते एकाएकी हुंदके देऊन रडायला लागले. नातीला पुरून आले तेव्हाही ते रडले नव्हते. मी हात त्यांच्या हातात तसाच ठेवून त्यांच्याकडं बघत बसले. रडावं असं मला वाटत होतं, पण आतून काही येत नव्हतं.

सांजेला हात सुजून बांगड्या रुतल्या. साबण लावून त्या काढल्या आणि भाकरी थापायला बसले.

पुढं पेटीचा तळ साफ करायचं काम माझ्याकडंच आलं. ती पेटी जगली. जांभळी फुलून गेल्यावर मध निघाला. सासऱ्यांनी माझ्या तळहातावर चमचाभर ओतला.

"ग्वाड हाय?"

"हाय की," मी म्हटलं. चव लागली नव्हती. मग मालकांसाठी एक बाटली भरून ठेवली.