पोह्यांची हळद आणि बेसबॉलचं कार्ड

हे सांगायची लाज वाटते, पण सांगतेच. मला जुने बेसबॉलचे कार्ड-गेम जमवायचं जाम वेड आहे. म्हणजे फासे टाकायचे आणि खेळाडूच्या कार्डवर बघायचं, आउट की होमरन! इथे सिडनीत, ब्लॅकटाउनला, माझ्या शेजारच्या गोऱ्या आजोबांकडे त्यांच्या तरुणपणातला अख्खा सेट निघाला. किंमत किती येईल ते विचारायला ते तो घेऊन माझ्याकडे आले. मी सगळी कार्डं मोजली, एकही कमी नाही, एकावरही डाग नाही! आनंदाने मी पोहे केले, आणि खाता खाताच परत कार्डं चाळत बसले. आजोबा हात धुवायला गेले आणि बघते तर एका पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, कार्डवर माझ्या बोटाचा पिवळाधमक ठसा.

ते परत आले, तर मी चक्क म्हणाले, "याला डाग आहे हं, किंमत जरा उतरेल."

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "मीच केला असणार. खेळताना खाऊ नकोस म्हणून बायको किती ओरडायची! सॉरी, मेट."

आणि मी बोट मुठीत लपवून म्हणाले, "नो वरीज."